चिंचेला बांधलेला पार

"सर, तुमच्या त्या वाघमारे बाई पार फोडतायत. छिन्नी-हातोडा घेऊन बसल्यात. तुम्ही येताय, का पोलिसांना फोन करू?"

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मोशीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला फोनवर हे सांगत होते. मी थेरगावला घरी पोहे खात होतो. बशी तशीच ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक सिग्नलला एकच विचार, की आता सुनंदाताईंना काय सांगायचं. चांगला पाऊण तास हाताशी होता. काही बरं सुचायला तेवढा वेळ पुरेसा असतो. तरी मी बोलायला नको तेच बोललो. ते सांगण्यासाठीच हे लिहितोय, पण त्याआधी पार कुठला आणि तो कसा बांधला गेला हे सांगायला हवं.

मी तीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात हॉर्टिकल्चर सुपरवायझर होतो. म्हणजे आवारातली हिरवळ, कुंड्या, आणि परदेशी पाहुणे यायचे त्या दिवशी गेटपाशी मांडायची फुलं. झाडं खरी कळायला लागली ती निवृत्तीनंतर. शहरातली रस्त्याकडेची झाडं सांभाळायला सामान्य लोकांना शिकवणारी एक छोटी संस्था आहे. तिने मला ट्रेनर म्हणून बोलावलं. सहा रविवारांचा कोर्स, शेवटी परीक्षा, एक हिरवी टोपी, आणि घराजवळची दहा-वीस झाडं ज्याच्या-त्याच्या नावावर. आम्ही त्यांना वृक्षमित्र म्हणतो.

लोकांना वाटतं, झाड सांभाळणं म्हणजे पाणी घालणं. मोठ्या झाडाला पाणी घालावं लागत नाही, त्याला माणसांपासून वाचवावं लागतं. खिळे काढायचे, रोषणाईच्या वायरी सोडवायच्या, लोखंडी ट्री-गार्ड खोडात रुतायच्या आत कापायचा, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून आळं मोकळं करायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे कॉलर. खोड जमिनीत शिरतं तिथे ते जरा पसरतं, घेर घेतं. त्या भागाला आम्ही कॉलर म्हणतो. तिच्या वरची साल हवेत राहण्यासाठी असते, खालची मातीत राहण्यासाठी. वरच्या सालीवर भराव टाकला की ती सतत ओली राहते आणि कुजते. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं घेतं, आणि तोवर भराव कुणी टाकला हे सगळे विसरलेले असतात.

हे मी दर बॅचला पहिल्याच रविवारी सांगतो. कॉलर झाकायची नाही, असं वहीत लिहूनच घ्यायला लावतो. सुनंदाताईंनीही ते लिहून घेतलं होतं.

सुनंदाताई वाघमारे राहायला मोशीत, वय पन्नाशीच्या आसपास. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर. त्या स्वतः चाकणच्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या लाइनवर वीस वर्षं होत्या. गाडीत दिव्यापासून हॉर्नपर्यंत ज्या वायरी जातात त्यांची जुडी म्हणजे हार्नेस. शेवटी-शेवटी त्या इन्स्पेक्शनला होत्या. एखादी पिन वाकडी असली तर त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळायची. पाठीच्या दुखण्याने नोकरी सोडावी लागली आणि घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे आल्या. पहिल्या दिवशी मी दोन खिळे काढून दाखवेपर्यंत त्यांनी एका कडुनिंबावरची रोषणाईची अख्खी माळ सालीला न दुखावता सोडवली होती. मी गमतीने म्हणालो, "ताई, आता तुम्हीच शिकवा."

"आधी तुमचं सगळं ऐकून घेते, सर," त्या म्हणाल्या. "मग बघू."

त्यांच्या वाट्याला आलेल्या झाडांत ही चिंच होती. सोसायटीच्या गेटबाहेर, रस्त्याला लागून. पूर्वी तिथे बबनआप्पांचं शेत होतं आणि चिंच बांधावर. शेताची सोसायटी झाली, बांध गेला, चिंच राहिली. आप्पांनी बिल्डरला म्हणे एकच अट घातली होती की चिंचेला हात लावायचा नाही. त्याने हात लावला नाही, फक्त बांधकामाचा राडारोडा तिच्या बुंध्याशी ओतला. सुनंदाताईंनी तो खुरप्याने आणि घमेल्याने चार रविवार लागून उपसला. कॉलर उघडी झाली. पुढच्या चैत्रात तिच्या वठत चाललेल्या फांद्यांना तांबूस पालवी आली. मी त्या चिंचेचे दोन फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, आणि पुढच्या प्रत्येक बॅचला ते दाखवू लागलो. त्या फोटोंवर मीच जास्त मिरवलो.

आमच्या प्रशिक्षणाचा भार चाकणची एक कंपनी तिच्या सीएसआरमधून उचलते. नाव कशाला सांगू, माणसं वाईट नाहीत. त्यांचे अ‍ॅडमिन हेड दळवी साहेब. वर्षातून एकदा त्यांना वृक्षमित्रांचा सत्कार हवा असतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्लांट हेडचं भाषण, फोटो. त्या वर्षी 'वर्षाचे वृक्षमित्र' म्हणून मी सुनंदाताईंचं नाव दिलं. दळवी म्हणाले, "मग हॉल कशाला? त्यांच्या चिंचेखालीच करू ना प्रोग्रॅम. ऑथेंटिक वाटेल."

मला कल्पना एकदम पसंत पडली. जागा थोडी नीट करून घेतो, असंही ते म्हणाले होते. नीट म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

कार्यक्रम रविवारी होता. बुधवारी दुपारी सुनंदाताईंचा फोन आला. "सर, इथे जेसीबी आलाय. चिंचेपाशी खणतायत."

मी पोचलो तेव्हा चिंचेच्या तीन बाजूंनी पायाचा चर खणून झाला होता. मनगटाएवढी मुळं तुटून चराच्या भिंतीतून बाहेर आलेली. शेजारी विटा, मुरूम आणि फरश्यांचे बॉक्स. सुनंदाताई चौथ्या बाजूला, जेसीबीच्या दातांसमोर, हाताची घडी घालून उभ्या. आणि बबनआप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खुशीत सगळं बघत होते.

"पार बांधायलेत, सायेब," आप्पा मला म्हणाले. "लई दिसांची इच्छा व्हती. गावात झाडाला मान द्यायचा म्हंजी पार. पार न्हाई ते झाड बिनवारशी."

"आप्पा, वडा-पिंपळाची गोष्ट वेगळी," मी म्हणालो. "रोप लहान असताना दगड रचतात, झाड पाराबरोबर वाढतं. या वयाच्या चिंचेला गळ्यापर्यंत भरलं तर ती जगायची नाही."

"असं कसं? आमच्या वाडीतल्या वडाला पार हाय, अजून उभा हाय."

वड सगळीकडून मुळं सोडतो, चिंच सोडत नाही, हे मी त्यांना समजावणार होतो. तेवढ्यात दळवींचा फोन आला. मुकादमाने त्यांना कळवलं होतं की एक बाई काम अडवून उभी आहे.

"सर, काय चाललंय?"

"साहेब, पार नको. झाडाला धोका आहे."

"अहो सर, रविवारी प्लांट हेड येणारेत. त्यांना मातीत उभं करू का? स्टेजसारखं काहीतरी पाहिजे ना. आणि बाईंच्या नावाचा ग्रॅनाइट तयार झालाय. त्यांचा सन्मान आहे हो हा. तुम्हीच नाव दिलंत."

इथे मी ठाम राहायला हवं होतं. पुढच्या तीन वर्षांचा करार त्यांच्या टेबलावर होता, हे खरं. पण तेवढंच कारण होतं असं म्हणणं म्हणजे स्वतःला सोडून देणं. साहेबाच्या आवाजात जरा धार आली की माझी मान आपोआप हलते, तशी ती फोनवरही हलली. मी म्हणालो, "ठीक आहे, पण बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी सोडा. आणि पाणी जायला पाइप टाका."

"डन," दळवी म्हणाले.

मी मुकादमाला खडूने गोल आखून दिला. सुनंदाताईंना हे पटलं नव्हतं. "सर, मुळं तर तुटलीच," त्या म्हणाल्या. "आता भराव तरी थांबवा ना."

"ताई, मधला मार्ग काढलाय. बघू."

शनिवारी संध्याकाळी बघायला गेलो, तर पार तयार. तीन फूट उंच, चकचकीत फरशी, आणि ती फरशी थेट खोडाला भिडलेली. सांध्यात सिमेंट. पाइप कुठेच नाही. मुकादम म्हणाला, "साहेब, मधी गोल ठेवला तर फिनिशिंग येत न्हाई. दळवी साहेब बोलले, पूर्ण घ्या." पुढच्या बाजूला काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती: वृक्षमित्र सौ. सुनंदा वाघमारे यांच्या वृक्षसेवेस अर्पण.

सुनंदाताई तिथेच होत्या. त्यांनी फरशीवर हात ठेवला, जिथे खोड होतं तिथे. "सर, तुम्हीच शिकवलंत," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना शब्द दिला. "ताई, उद्या कार्यक्रम होऊ द्या. मग मी स्वतः उभा राहून बुंध्याभोवतीचं सगळं फोडून घेतो. महिनाभरात. झाड काही आठ दिवसांत मरत नाही."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

त्यांचा विश्वास बसला. न बसायला काय झालं, आजवर माझा शब्द खोटा पडला नव्हता.

कार्यक्रम दणक्यात झाला. प्लांट हेड पारावर उभे राहून पर्यावरणावर बोलले. सुनंदाताईंचे मिस्टर रविवारचा ओव्हरटाइम सोडून आले होते. ताईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होत्या. शाल अंगावर पडली तेव्हा त्यांच्याबरोबर लाइनवर काम केलेल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. बबनआप्पांनी पाराला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला. नारळाचं पाणी फरशीवरून वाहत खोडाच्या कडेला जाऊन साचलं, आणि तिथेच राहिलं. मला ते दिसलं. मी टाळ्या वाजवत होतो.

महिना झाला. मी दळवींना मेल टाकली. उत्तर आलं की आत्ताच बांधलाय, लगेच तोडला तर वरती काय सांगू, पावसाळ्यानंतर बघू. मी ती मेल सुनंदाताईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर? सर, पावसाळ्याचंच तर भय आहे." मी म्हणालो, मी मागे लागतो. मागे लागलो म्हणजे आणखी दोन मेल टाकल्या. उत्तर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं.

एव्हाना पार लोकांना आवडू लागला होता. सकाळी पेपर वाचणारे, संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायका, गणपतीत आरती. आप्पांची खुर्ची गेली, ते पारावरच बसायला लागले. आता तो फोडायचा म्हणजे पन्नास जणांची बसायची जागा काढून घ्यायची. चांगली गोष्ट केली की ती मोडायला कुणी धजत नाही.

पावसाळाभर त्या फरशीखाली पाणी मुरत राहिलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. सुनंदाताई दर आठवड्याला मला फोटो पाठवायच्या. खोडाच्या कडेच्या भेगेत घातलेली काडी, बाहेर काढल्यावर काळी. मग भेगेतून उगवलेल्या भुरकट छत्र्या. मी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवायचो. आता ते संदेश वाचले की माझीच मला लाज वाटते.

दिवाळी झाली आणि तो रविवार उजाडला.

मी पोचलो तेव्हा पाराभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. सुनंदाताई डोक्याला रुमाल बांधून गुडघ्यांवर बसलेल्या. खोडालगतच्या दोन फरश्या त्यांनी उचकटल्या होत्या. खालचा मुरूम काळा, लिबलिबीत. त्यांनी मूठभर माती माझ्यासमोर धरली. "सर, वास घ्या."

मी वास घेतला. आंबलेला, कुजका वास. मला सगळं कळलं. अजून वेळ होती हेही कळलं. त्या दिवशी बुंध्याभोवती दोन फूट मोकळं केलं असतं, पाणी काढून दिलं असतं, तर चिंच कदाचित वाचली असती. निम्मी मुळं तुटलेली होती, तरी वाचली असती. चिंच चिवट असते.

सेक्रेटरी पुढे आले. "सर, सोसायटीच्या दारात ही तोडफोड काय? हे कंपनीने बांधून दिलंय. यांना परवानगी कुणी दिली? मी आजच कंपनीला मेल करतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सुनंदाताईही. परवानगी मी दिली होती. दहा महिन्यांपूर्वी, तिथेच उभं राहून, नक्की म्हणून. 'मी दिली' हे दोन शब्द बोलायचे होते.

मी म्हणालो, "ताई, परवानगीशिवाय कुठल्याही बांधकामाला हात लावायचा नाही, हा आपला नियम आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "स्वतःच्या नावाची पाटी लागलीय तरी समाधान नाही बाईला." दोघं-तिघं हसले.

सुनंदाताईंनी छिन्नी-हातोडा पिशवीत ठेवला. फरशीचे तुकडे एकेक करून गोणीत भरले. मग कुणाकडून तरी झाडू मागून घेतला आणि पार स्वच्छ झाडला. कुणाच्या पायात कपची जाऊ नये म्हणून. हे सगळं होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. मला त्यांना मदत करायलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी गवंडी बोलावून भोक सिमेंटने बुजवलं. त्याच संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ आली की सुनंदा वाघमारे यांनी ग्रुप सोडला.

पुढच्या चैत्रात चिंचेला अर्ध्याच फांद्यांवर पालवी आली. लोक म्हणाले, यंदा ऊन जास्त आहे. त्याच्या पुढच्या चैत्रात पालवी आलीच नाही. साल गळून पडायला लागली. वाळलेल्या फांद्या रस्त्यावर होत्या, खालून शाळेच्या बस जायच्या. झाड धोकादायक आहे असा अहवाल मीच लिहिला. रीतसर परवानगी मिळाली, आणि कार्यक्रमानंतर सव्वादोन वर्षांनी चिंच कापली. त्यासाठी आधी पार फोडावा लागला. एवढा वेळ जो फोडायला परवानगी नव्हती, तो ब्रेकर मशीनने एका सकाळीत गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आमची नवी बॅच होती. मी त्यांना तिथेच बोलावलं. कुजलेली कॉलर प्रत्यक्ष दिसते कशी, हे शिकवायला एवढी चांगली संधी मिळत नाही. ट्रेनरचं मन असं असतं. आणि मी सुनंदाताईंना फोन केला. दीड वर्षानंतरचा पहिला. मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. त्या आल्या. बरोबर त्यांच्या जुन्या लाइनवरच्या चार-पाच मैत्रिणी होत्या. मधल्या काळात त्यांनी आपला स्वतःचा गट केला होता, हे मला तेव्हा कळलं.

बबनआप्पा लांब उभे होते. बुंधा उघडा पडला होता. सुनंदाताई खाली वाकल्या आणि त्यांनी अंगठ्याने साल दाबली. ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. नव्या मुलामुलींना त्यांनी एकेकाला हात लावायला लावला. आप्पा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "म्हंजी आमीच मारली व्हय, पोरी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा," त्या म्हणाल्या. "तुम्ही मानच दिला."

सरांना माहीत होतं, हे त्यांनी म्हटलं नाही. मी अवघडून म्हणालो, "ताई, नव्या बॅचला दोन शब्द सांगा."

"दोन शब्द नको, सर. व्हाय-व्हाय करू या."

इकडच्या कुठल्याही कंपनीत काम केलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. माल खराब निघाला की सुपरवायझर कागद घेऊन बसतो आणि का, का, का असं विचारत जातो. उत्तर आलं की त्यालाही पुन्हा का. खरं कारण सापडेपर्यंत. सुनंदाताईंनी वीस वर्षं हे कागद भरले होते.

"चिंच का मेली, सर?"

"कॉलर कुजली म्हणून."

"का कुजली?"

"भरावात पाणी अडलं."

"भराव का झाला?"

"मुकादमाने माझं न ऐकता..."

"सर, आमच्याकडे दुसऱ्याचं नाव लिहिलं की कागद परत यायचा," त्या शांतपणे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"मी थांबवला नाही म्हणून," मी म्हणालो.

"का नाही थांबवला?"

"कार्यक्रम चार दिवसांवर होता."

"कार्यक्रमानंतर सव्वादोन वर्षं होती. आणि सर, मी पण त्या दिवशी गप्प बसले. मला शाल आवडली. सासूबाई रडल्या ते आवडलं. माझा कागद मी घरी भरलाय. हा तुमचा आहे."

वीस-पंचवीस नवे चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साहेबाला नाही म्हणायची मला सवय नाही. तीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही."

"पण मला म्हणालात. सगळ्यांसमोर."

"हो."

"का?"

उत्तर मला माहीत होतं.

"तुम्ही ऐकून घ्याल, हे मला माहीत होतं म्हणून."

त्यांनी मान हलवली. "आता झालं," म्हणाल्या आणि मैत्रिणींना घेऊन उरलेला राडारोडा उपसायला लागल्या. तिथे दुसरं झाड लावायचं तर जागा मोकळी हवी होती. मीही घमेलं उचललं. त्यांनी मला नको म्हटलं नाही, आणि या म्हटलं नाही.

सुनंदाताई आमच्या संस्थेत परत आल्या नाहीत. मोशीपासून भोसरीपर्यंत त्यांचा गट रविवारी झाडं मोकळी करत फिरतो. काम आमच्याहून नीट असतं. गेल्या वर्षी दळवींचा फोन आला होता, की त्या बाईंच्या गटाचा सत्कार करू, छान स्टोरी होईल, एखाद्या मोठ्या झाडाभोवती कट्टा बांधून देऊ.

मी म्हणालो, "नाही साहेब. झाडाभोवती काहीही बांधायचं नाही."

माझा आवाज कापला असावा. दळवी म्हणाले, "ओके सर, नो प्रॉब्लेम. मग हॉल बघतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

करारही पुन्हा झाला. नाही म्हणणं हे एकूण अर्ध्या मिनिटाचं काम होतं.